धरणे बांधणाऱ्या दिवाणाची बँक

२ ऑक्टोबर १९१३ रोजी बंगळूर येथे बँक ऑफ म्हैसूर ही नवी बँक सुरू झाली. मुहूर्ताच्या दृष्टीने पाहिले तर याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, सप्टेंबर महिन्यात, लाहोरच्या पीपल्स बँकेने ठेवीदारांचे पैसे देणे थांबवले होते. लाला हरकिशनलाल यांनी उभारलेली ही बँक स्वदेशी बँकांमधील एक मोठे नाव मानली जात असे. तिच्या पाठोपाठ मुंबईची क्रेडिट बँक ऑफ इंडिया कोसळली आणि वर्ष संपण्याआधी चांदीच्या सट्ट्यात अडकलेल्या इंडियन स्पेसी बँकेनेही दारे बंद केली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता : आपला पैसा ठेवायचा तरी कोठे?

अशा दिवसांत एका संस्थानाने स्वतःच्या आश्रयाखाली स्थानिक बँक काढावी, लोकांना तिच्यात खाते उघडण्यास सांगावे, आणि त्याच वेळी गावोगावच्या सहकारी पतपेढ्यांनाही बळ द्यावे, हे धाडसच होते. या धाडसामागे म्हैसूरचे तत्कालीन दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे होते.

विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आठवतात. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्या चरित्रातील बँकेचे प्रकरण मात्र अनेकदा एका ओळीत उरकले जाते. सामान्य माणसाने आपले रोजच्या व्यवहाराचे खाते बँकेत ठेवावे की पतपेढीत, हा प्रश्न बंगळूरमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्याची मुळे बऱ्याच अंशी या प्रकरणात सापडतात.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ मध्ये चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरी विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामा रामय्या यांच्या आधाराने मुलगा बंगळूरला आला आणि शिकवण्या करून सेंट्रल कॉलेजातून पदवीधर झाला. पुढील शिक्षणासाठी म्हैसूर सरकारने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, दाखल झाला. १८८३ मध्ये तो स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला.

पुण्यातील या दोन-तीन वर्षांकडे चरित्रकार परीक्षेचा निकाल सांगून पुढे जातात. परंतु त्या काळात पुण्यात कोणता वाद रंगला होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १८७५ मध्ये सुपे गावातून पेटलेल्या दंग्यांनी दख्खन हादरले होते. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे आणि खातेवह्या जाळल्या होत्या. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कायद्याने सावकाराचा हात आखडला, पण शेतकऱ्याला दुसरीकडून पैसा मिळण्याची सोय झाली नाही. १८८२ मध्ये सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी एका शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारला ती मान्य झाली. लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती फेटाळली.

विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकला झाली. नंतर खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीखालून पाण्याची नळवाट नेण्याचे अवघड काम त्यांनी पार पाडले. पुण्यातील वास्तव्यात रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध आला. पुण्याच्या डेक्कन क्लबच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. कर्ज, शेती आणि उद्योग यांचा विचार एकत्र करण्याची रानडे यांची पद्धत विश्वेश्वरय्या यांच्या पुढील सर्व कामांत दिसून येते.

नीरा कालव्यावर त्यांनी आखलेली पाणीवाटपाची गटपद्धती याचे चांगले उदाहरण आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बागायतदारांनी उसासाठी हवे तेवढे पाणी घ्यावे आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याने कोरडे राहावे, ही तेथील नित्याची तक्रार होती. विश्वेश्वरय्या यांनी गावागावांतील जमिनीचे गट पाडून पाणी अधिक गावांत विभागले आणि पिकांची फेरपालट बांधून दिली. काम पाण्याचे होते, पण हिशेब भांडवलाचा होता. थोडा साठा अनेकांच्या उपयोगी कसा पडावा, हा तो हिशेब. बँकेची आखणी करतानाही त्यांच्यासमोर याहून वेगळा प्रश्न नव्हता.

१८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. जपानने एका पिढीत केलेली औद्योगिक प्रगती पाहून ते प्रभावित झाले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे बसले. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्यासाठी सरकारने त्यांचा सल्ला घेतला. असे असूनही खात्यातील सर्वोच्च पद त्या काळी भारतीय माणसाला मिळणे जवळपास अशक्य होते. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. हैदराबादेत मुसा नदीच्या महापुरानंतरच्या पूरनियंत्रणाचे काम आटोपून १९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले.

दोन बंगळूर, अनेक तिजोऱ्या

विश्वेश्वरय्या परतले तेव्हा बंगळूर एकच शहर नव्हते. एका बाजूला छावणी होती. तेथे कारभार ब्रिटिश रेसिडेंटचा. लष्करी अधिकारी, कॉफीच्या मळ्यांचे मालक आणि मोठे व्यापारी यांची तेथे वस्ती. दुसऱ्या बाजूला म्हैसूरच्या महाराजांच्या अमलाखालील जुनी पेठ होती. दोड्डपेट, चिक्कपेट या भागांत कापड, धान्य आणि रेशीम यांचा व्यापार चाले. विजापूरकरांनी १६३८ मध्ये बंगळूर जिंकून शहाजीराजांना जहागीर म्हणून दिले, तेव्हापासून मराठी बोलणारी कुटुंबेही या शहरात नांदत आहेत.

पैशाच्या सोयीही अशाच विभागलेल्या होत्या. बँक ऑफ मद्रास या इलाखा बँकेची शाखा बंगळूरमध्ये होती. परंतु तिचा कल सरकारी व्यवहार, युरोपीय पेढ्या आणि निर्यातीचा व्यापार यांकडे होता. पेठेतील व्यापारी हुंडीवर आणि सराफांच्या पेढ्यांवर विसंबून असे. लहान माणसाला सावकाराचे ओसरीवरचे दार ओळखीचे होते. तेथे कर्ज तत्काळ मिळे, व्याजही तसेच लागे. टपाल खात्याने १८८२ पासून देशभर बचत बँक चालवली होती. तेथे पैसा सुरक्षित राही, पण अडचणीच्या वेळी कर्ज मिळत नसे.

खासगी पेढ्यांवरचा विश्वासही नुकताच डळमळला होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट ही ब्रिटिश पेढी बुडाली आणि दक्षिणेतील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची आयुष्यभराची बचत तिच्याबरोबर गेली. पेढी साहेबांची आहे म्हणजे ती भक्कम आहे, हा समज त्या दिवसापासून संपला. दक्षिणेत स्थानिक लोकांनी स्थानिक भांडवलावर बँका काढण्याची लाट याच सुमारास आली. १९०६ मध्ये मंगळूर येथे अम्मेंबळ सुब्बाराव पै यांनी कॅनरा बँकेचा पाया घातला. १९०७ मध्ये मद्रासमध्ये इंडियन बँक निघाली.

त्याच वेळी दुसरी वाट सहकाराची होती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्येच अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली होती. ओळखीच्या माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून एकमेकांना कर्ज द्यावे, ही तिची साधी रीत. १९०४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०५ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. म्हैसूर संस्थानानेही त्याच वर्षी स्वतःचा सहकारी कायदा केला. बंगळूर सिटी को-ऑपरेटिव्ह बँक १९०७ मधली. १९०९ मध्ये शहरात घरबांधणीसाठीही एक सहकारी संस्था निघाली आणि ती देशातील अशा आद्य संस्थांपैकी एक ठरली.

म्हणजे विश्वेश्वरय्या यांनी कोऱ्या पाटीवर लिहायला सुरुवात केली नाही. पतपेढ्या त्यांच्या आधीच आल्या होत्या. उणीव होती ती मोठ्या बँकेची.

ग्राहक आणि सभासद

महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत १९११ मध्ये म्हैसूर आर्थिक परिषद सुरू झाली. शेती, शिक्षण आणि उद्योग-व्यापार अशा तीन विषयांसाठी तिच्या समित्या होत्या. अधिकारी, व्यापारी आणि जमीनदार यांनी एकत्र बसून संस्थानाच्या उत्पन्नाचा विचार करावा, ही कल्पना विश्वेश्वरय्या यांची. नोव्हेंबर १९१२ मध्ये ते दिवाण झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील बँकविषयक समितीच्या पुढाकाराने आणि महाराजांच्या आश्रयाने पुढच्याच वर्षी बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, सहकारी संस्थांना वरून पतपुरवठा करणारी प्रांतिक सहकारी शिखर बँकही बंगळूरमध्येच निघाली. मुंबईत लल्लुभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९११ मध्ये अशीच मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली होती.

एका दिवाणाच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी का घडल्या, हे समजून घेण्यासाठी दोहोंची कामाची रीत पाहावी लागते.

बँकेत खाते उघडणारा हा ग्राहक असतो. तो ठेव ठेवतो, धनादेश लिहितो, परगावी पैसे पाठवतो. बँकेचे मालक भागधारक असतात आणि ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. नुकसान झाले तर भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. कर्ज देताना बँक तारण पाहते, हिशेबाच्या वह्या पाहते आणि माणसाला नंतर पाहते. गिरणी, छापखाना, रेशमाचा कारखाना अशा उद्योगांना लागणारे मोठे भांडवल फक्त अशाच संस्थेतून मिळू शकते.

पतपेढीत खाते उघडणारा सभासद असतो. त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. कर्जासाठी तारण नसले तरी चालते. दोन सभासदांनी जामीन राहिले म्हणजे पुरे. येथे माणूस आधी पाहिला जातो. कर्ज कशासाठी हवे, मागचे फेडले का, घरात कोण कमावते, हे समितीला ठाऊक असते. १९०४ च्या कायद्यानुसार गावातल्या संस्थांची जबाबदारी सहसा अमर्यादित असे. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाची सारी मालमत्ता धोक्यात. त्यामुळे शेजाऱ्याच्या कर्जावर शेजाऱ्याची नजर राही. शहरातील संस्थांना मर्यादित जबाबदारी स्वीकारण्याची मुभा होती.

ओळख हेच पतपेढीचे बळ आणि ओळख हाच तिचा धोका. ओळखीच्या माणसाला कर्ज नाकारणे कठीण, आणि दिलेले वसूल करणे त्याहून कठीण. सर एडवर्ड मॅक्लेगन यांच्या समितीने १९१५ मध्ये देशभरातील सहकारी संस्थांची पाहणी मांडली, तेव्हा थकबाकी, निष्काळजी कर्जवाटप आणि आपले हक्क व जबाबदाऱ्या न जाणणारे सभासद, हेच दोष ठळकपणे पुढे आले. आज शंभर वर्षांनी एखाद्या सहकारी संस्थेच्या चौकशीचा अहवाल वाचला तर त्यातही हेच दोष ओळीने सापडतात.

१९१३ चे वादळ

बँकांचे दोषही झाकलेले राहिले नाहीत. १९१३ मध्ये बुडालेल्या बँकांची कारणे पाहिली तर त्यांत नवल असे काही नाही. मागताक्षणी परत द्याव्या लागणाऱ्या ठेवी दीर्घ मुदतीच्या कर्जांत गुंतवल्या होत्या. हाताशी रोकड कमी होती. स्वतःचे भांडवल तुटपुंजे होते आणि ठेवी ओढण्यासाठी व्याजाचे दर मात्र चढे. इंडियन स्पेसी बँकेच्या बाबतीत त्यात चांदीच्या सट्ट्याची भर पडली. तेव्हा देशात मध्यवर्ती बँक नव्हती. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली. बँकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. कोणीही कंपनी नोंदवून नावापुढे बँक लिहावे आणि ठेवी घ्याव्यात, अशी स्थिती होती.

ही पडझड १९१३ वर थांबली नाही. पुढील काही वर्षे देशात बँका बुडतच राहिल्या. बँक ऑफ म्हैसूर मात्र त्यातून तरली. संस्थानाच्या आश्रयाचा त्यात मोठा वाटा होता, हे उघड आहे. ज्या बँकेमागे महाराज आणि दिवाण उभे आहेत ती रातोरात गाशा गुंडाळणार नाही, असे पेठेतील व्यापाऱ्याला वाटले तर ते स्वाभाविकच होते. १९२१ मध्ये तिन्ही इलाखा बँका एकत्र येऊन इंपीरियल बँक झाली, तेव्हाही म्हैसूरची ही बँक स्वतंत्र राहिली.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सरकारचा आश्रय हा भरवशाचा पाया खरा, पण तो ठेवीदाराच्या हातातला नसतो. पतपेढीचा सभासद निदान वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. बँकेच्या ग्राहकाला तो अधिकार नाही. त्याच्याजवळ एकच उपाय, तो म्हणजे खाते बंद करून दुसरीकडे जाणे. विश्वेश्वरय्या यांचा स्वभाव आणि शिक्षण लक्षात घेता त्यांचा भर सभेपेक्षा हिशेब, तपासणी आणि शिस्त यांवर अधिक होता. उत्तम अधिकारी नेमावेत, आकडे वेळेवर मागवावेत, म्हणजे संस्था सुरळीत चालते, अशी त्यांची कार्यशैली होती. त्या शैलीला बँक अधिक मानवली.

यश आणि मर्यादा

दिवाणपदाच्या सहा वर्षांत त्यांनी केलेल्या कामांची यादी मोठी आहे. कृष्णराजसागरचे काम पुढे गेले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि म्हैसूर चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. चंदन तेल आणि साबण यांचे सरकारी कारखाने निघाले, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची आखणी झाली. शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने कायदा झाला. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

परंतु ही प्रगती कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न संस्थानातच विचारला जाऊ लागला होता. सरकारी नोकऱ्या आणि उच्च शिक्षण यांत ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे आहे, बहुजन समाजाला राखीव वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी जोर धरू लागली. मराठी वाचकाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ मध्येच घेतलेला निर्णय येथे आठवेल. म्हैसूरच्या महाराजांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. गुणवत्ता हाच एकमेव निकष असावा, असे मानणाऱ्या विश्वेश्वरय्या यांना ही दिशा मान्य नव्हती. १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांच्या सचोटीविषयी विरोधकांनाही शंका नव्हती; मतभेद होता तो समान संधी कशाला म्हणावे यावर.

हाच मतभेद पैशाच्या व्यवहारालाही लागू पडतो. बँकेचे दार कायद्याने सर्वांना उघडे असले तरी तारण, कागदपत्रे आणि अक्षरओळख यांच्या अटी पार करून आत जाणारे थोडेच होते. पतपेढीचे दार ठेंगणे होते, पण तिच्याजवळ पैसाही बेताचाच. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ या वर्षासाठी ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हेही होते. ग्रामीण कुटुंबांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा सुमारे ०.९ टक्के भरला. उरलेल्यातील फार मोठा भाग सावकारांचाच होता. रानडे यांची योजना फेटाळली गेल्याला तोवर जवळपास सात दशके लोटली होती.

उत्तरायुष्य

दिवाणपद सोडल्यावरही विश्वेश्वरय्या यांनी विश्रांती घेतली नाही. १९२३ पासून काही वर्षे त्यांनी डबघाईला आलेल्या भद्रावती कारखान्याची सूत्रे सांभाळली. अनेक वर्षे ते टाटांच्या पोलाद कंपनीचे संचालक होते. मोटारींचा कारखाना देशात निघावा म्हणून त्यांनी मुंबईत खटपट केली. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचा आराखडा ग्रंथरूपाने मांडला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या बँकेचे रूप बदलले. संस्थानांच्या बँकांविषयी १९५९ मध्ये कायदा झाला आणि मार्च १९६० मध्ये बँक ऑफ म्हैसूर ही भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी बनली. तिचे नाव स्टेट बँक ऑफ म्हैसूर असे झाले. त्याच वर्षी केरळची पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या. ठेवीदारांच्या हलाखीने संसदेत खळबळ उडाली आणि ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. १९१३ मध्ये ठेवीदाराला हवे होते ते हेच. मिळण्यास अर्धे शतक लागले. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, विश्वेश्वरय्या यांचे बंगळूर येथे निधन झाले. मुद्देनहळ्ळीत त्यांची समाधी आहे.

नंतरचे बंगळूर

सहकारी बँका १ मार्च १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या आणि पुढे ठेव विम्याच्या कक्षेतही. परंतु ती देखरेख अर्धवट होती. व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळाचा कारभार राज्याच्या सहकार निबंधकाकडे, अशी दुहेरी रचना होती. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक अडचणीत आली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना केवळ १००० रुपये काढता येत होते. मुंबई-ठाण्यातील हजारो कुटुंबे त्यात होरपळली. बंगळूरकरांना ही बातमी दूरची वाटत असतानाच जानेवारी २०२० मध्ये बसवनगुडी येथील श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर निर्बंध आले आणि पैसे काढण्याची मर्यादा ३५,००० रुपयांवर आली. तिच्या ठेवीदारांत निवृत्त आणि ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने होते.

४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावरही रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. येथे एक फरक खातेदारांच्या ध्यानात अनेकदा राहत नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली सहकारी बँक आणि केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतील ठेवीला हा विमा आहे, दुसरीतील ठेवीला नाही. दोघींच्या पाट्या मात्र एकाच रस्त्यावर, कधी एकाच इमारतीत, सारख्याच अक्षरांत लटकलेल्या असतात.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना स्थानिक बँक म्हणावे अशा संस्थाच कमी होत गेल्या. बंगळूरमध्ये मुख्यालय असलेली विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. त्याआधी, १ एप्रिल २०१७ रोजी, स्टेट बँक ऑफ म्हैसूरचे भारतीय स्टेट बँकेत विलीनीकरण झाले. १९१३ मधील पीपल्स बँकेच्या ठेवीदारांसारखे तिच्या खातेदारांचे पैसे अडकले नाहीत. पैसे जसेच्या तसे राहिले, पासबुकावरचे नाव बदलले आणि १०३ वर्षांच्या संस्थेचा स्वतंत्र कारभार संपला. १९१५ ची सहकारी शिखर बँक मात्र कर्नाटक राज्य सहकारी शिखर बँक या नावाने चामराजपेटेतून आपले काम करत आहे.

केंपेगौडा रस्त्यावर बँकेचे जुने मुख्यालय होते. त्यालगतच्या चौकाला लोक म्हैसूर बँक सर्कल म्हणतात आणि रिक्षाचालकाला आजही तोच पत्ता सांगतात. तेथून जवळच, विश्वेश्वरय्या जेथे शिकले त्या सेंट्रल कॉलेजपाशी, मेट्रोचे स्थानक आहे. स्थानकाला त्यांचेच नाव आहे.